जहन्नमचा पत्ता

पुण्यात कुणी वैतागून म्हणालं, "याला आता येरवड्याला पाठवायला हवं," तर ऐकणारा रिक्षाचं भाडं विचारत नाही. मुंबईकर हेच काम ठाण्याच्या नावावर भागवतो. येरवड्यात हजारो माणसं राहतात, भाजी घेतात, पोरांना शाळेत सोडतात. पण या वाक्यात येरवडा आला की तो उपनगर राहत नाही. तिथलं मनोरुग्णालय आणि तिथला तुरुंग, एवढंच त्या नावात उरतं.

पानिपतचंही असंच. हरियाणातलं ते शहर आज चादरी, सतरंज्या, घोंगड्यांच्या कारखान्यांवर जगतं. पण मराठीत "परीक्षेत पानिपत झालं" म्हटलं की चादरी कुणालाच आठवत नाहीत. 14 जानेवारी 1761 या एका दिवसाने ते गाव आपल्या भाषेत कायमचं क्रियापदाला जोडून टाकलं.

वरवर दोन्ही प्रकार सारखेच: गावाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं भलतंच. तरी त्यांत एक फरक आहे. येरवड्याला त्याचा दुसरा अर्थ मिळाला तो तिथे आज काय आहे त्यामुळे. पानिपतला मिळाला तो तिथे एकदा काय घडलं त्यामुळे. हा फरक जरा लक्षात ठेवा. जगातल्या सगळ्यांत बदनाम खोऱ्याचा पत्ता शोधताना तो उपयोगी पडणार आहे.

ते खोरं जेरुसलेममध्ये आहे. जुन्या शहराच्या पश्चिमेला, याफा वेशीजवळ ते सुरू होतं, सियोन डोंगराच्या पायथ्याने दक्षिणेकडे उतरतं, मग पूर्वेकडे वळून किद्रोनच्या खोऱ्याला जाऊन मिळतं. नाव हिन्नोमचं खोरं. हे नाव आपण कधी घेतलेलं नाही, असं तुम्हाला वाटत असेल. घेतलेलं आहे. "गेला जहन्नममध्ये!" असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाला आपण जेरुसलेमच्या भिंतीखालच्या याच उतारावर धाडत असतो.

सातबाऱ्यावरचं नाव

हिब्रूत 'गे' म्हणजे खोरं आणि 'बेन' म्हणजे मुलगा. 'गे बेन हिन्नोम', हिन्नोमच्या मुलाचं खोरं. बोलताबोलता मधला 'बेन' गळतो आणि 'गे हिन्नोम' उरतं. आपल्याकडे 'पाटलाचा मळा' किंवा 'जोशांची वाडी' म्हणतात, त्याच जातीचं हे नाव. पाटील कोण, जोशी कोण, हे चौथ्या पिढीला ठाऊक नसतं. हिन्नोम कोण, हे बायबलही सांगत नाही. कधीतरी ती जमीन त्याच्या घराण्याकडे असावी.

बायबलमध्ये हे नाव पहिल्यांदा येतं ते यहोशवाच्या पुस्तकात, पंधराव्या अध्यायात, आणि तो उल्लेख थेट तलाठ्याच्या दप्तरातला वाटावा असा आहे. यहूदा वंशाची हद्द कुठून कुठे जाते ते सांगताना म्हटलंय की ती हिन्नोमच्या मुलाच्या खोऱ्यातून वर चढते. अठराव्या अध्यायात शेजारच्या बन्यामीन वंशाची हद्द सांगताना पुन्हा तेच खोरं. बांध, शिवार, ओढा, टेकडी. आग नाही, किडे नाहीत, रडणं नाही. पुढे नहेम्याच्या पुस्तकातही लोक कुठून कुठवर वसले ते सांगताना हे खोरं असंच, निव्वळ खूण म्हणून येतं.

म्हणजे नावात स्वतःहून काहीच भयंकर नाही. 'नरक' या शब्दात जशी खालची, अंधारी जागा ऐकू येते, तसं 'गे हिन्नोम'मध्ये काही ऐकू येत नाही. जो अर्थ आला तो बाहेरून आला.

तोफेत

आला तो इसवी सनापूर्वीच्या आठव्या-सातव्या शतकांत. जेरुसलेममधून चालणाऱ्या यहूदा राज्याच्या दोन राजांवर, आहाज आणि त्याचा नातू मनश्शे यांच्यावर, बायबलच्या इतिहासग्रंथांनी एकच आरोप ठेवलाय: त्यांनी याच खोऱ्यात आपली मुलं 'अग्नीतून चालवली'. खोऱ्यातल्या त्या ठिकाणाचं नाव तोफेत, आणि हे ज्याच्यासाठी केलं जाई त्याचं नाव मोलेख.

'अग्नीतून चालवणं' म्हणजे नेमकं काय, यावर अभ्यासक खूप भांडलेत. काहींच्या मते तो मुलाला आगीच्या मधून नेऊन देवाला वाहण्याचा निव्वळ विधी असावा. पण यिर्मया संदेष्टा असा आडवळणाने बोलत नाही. तो सरळ 'जाळणं' हे क्रियापद वापरतो. आणि देवाच्या तोंडी तो जे वाक्य घालतो, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण वाक्य वाटतं. देव म्हणतो, असं करा हे मी कधी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही ते आलं नव्हतं. सर्वज्ञ देवाने "हे माझ्या मनातही आलं नाही" म्हणावं, म्हणजे माणसं किती पुढे गेली होती ते बघा.

मोलेख कोण, यावरही वाद आहे. परंपरेने तो एका परक्या दैवताचं नाव मानला गेला. 1935 साली ओटो आइसफेल्ट या जर्मन अभ्यासकाने असं मांडलं की हे देवाचं नावच नव्हे. उत्तर आफ्रिकेत कार्थेजच्या परिसरातल्या शिलालेखांत 'मोल्क' हा शब्द एका प्रकारच्या बळीसाठी येतो, तोच हा शब्द असावा. त्याच कार्थेजमध्ये 1921 साली एक मोठी जागा सापडली होती. तिथल्या मातीच्या कलशांत तान्ह्या बाळांची आणि कोकरांची जळालेली हाडं होती. पुरातत्त्वज्ञांनी त्या जागेलाही 'तोफेत' म्हणायला सुरुवात केली. शब्द बायबलचा, जागा ट्युनिशियातली. ती बाळं बळी दिलेली की आजाराने गेलेली, यावर अजून एकमत नाही. खुद्द हिन्नोमच्या खोऱ्यात मात्र असा तोफेत आजवर हाती लागलेला नाही. तिथल्या प्रकाराचा पुरावा म्हणजे फक्त मजकूर.

तोफेत या शब्दाबद्दल एक जुनी ज्यू व्युत्पत्ती आहे. हिब्रूत 'तोफ' म्हणजे ढोल-डफासारखं वाद्य. मुलाचं रडणं बापाच्या कानी पडून त्याचं मन विरघळू नये म्हणून तिथे तोफ बडवत, म्हणून तोफेत. मध्ययुगातला थोर भाष्यकार राशी हे सांगतो. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकत नाही. पण हिब्रू 'तोफ' हा अरबी 'दफ्फ'चा भाऊबंद आहे, आणि आपल्या शाहिराच्या हातातला डफ तिथूनच आला. जहन्नमच्या वाटेवर आपल्या घरचा आणखी एक शब्द भेटतो तो असा.

पुढे योशीया नावाचा राजा आला. इसवी सनापूर्वी 622च्या सुमारास त्याने मोठी धर्मसुधारणा केली आणि तोफेत मुद्दाम विटाळून टाकलं, म्हणजे पुन्हा कुणाला तिथे विधी करता येऊ नये. पण खोऱ्याच्या नावावर खरी मोहोर मारली ती यिर्मयाने. एकोणिसाव्या अध्यायात तो कुंभाराकडून एक मडकं विकत घेतो, गावातल्या वडीलधाऱ्यांना आणि पुरोहितांना सोबत घेऊन खापरांच्या वेशीतून बाहेर पडतो, या खोऱ्यात येतो आणि सगळ्यांदेखत ते मडकं फोडतो. हे शहर असं फुटेल, पुन्हा सांधता येणार नाही, असं बजावतो. मडकं फोडण्याचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. चितेला फेरे घालताना ते कसं फुटतं हे आपण पाहिलेलं असतं. यिर्मयाचा संदर्भ निराळा आहे, तरी मला तो प्रसंग वाचताना दरवेळी तोच आवाज ऐकू येतो.

तिथेच तो म्हणतो की यापुढे या जागेला हिन्नोमच्या मुलाचं खोरं म्हणणार नाहीत, 'कत्तलीचं खोरं' म्हणतील. पुरायला जागा उरणार नाही एवढी प्रेतं इथे पडतील. इसवी सनापूर्वी 586मध्ये बाबिलोनच्या फौजांनी जेरुसलेम उद्ध्वस्त केलं. त्याने सुचवलेलं नवं नाव काही रुळलं नाही. जुनंच राहिलं, पण त्यात आता राख होती.

जमिनीवरून जमिनीखाली

खोऱ्याचं नाव परलोकाला कसं मिळालं? हे एका रात्रीत झालं नाही. मधली काही शतकं ज्यू विचारात मोठी उलथापालथ होत होती.

जुन्या हिब्रू ग्रंथांत मेलेल्या माणसाचं ठिकाण म्हणजे 'शओल'. मराठी बायबलमध्ये त्याला 'अधोलोक' म्हटलंय. शओलात सगळेच जातात, पुण्यवान आणि पापी, राजा आणि गुलाम. तिथे शिक्षा नाही, सुखही नाही. नुसती धूसर शांतता. पण मग परकी राज्यं आली, छळ झाला, चांगली माणसं धर्मासाठी मेली आणि दुष्ट लोक सुखात म्हातारे झाले. न्याय या जन्मात होत नसेल तर कुठे होणार, हा प्रश्न टोचू लागला. चांगल्या-वाइटांना एकाच अंधारात टाकणारा शओल या प्रश्नाला पुरेसा नव्हता. शिक्षेसाठी वेगळी जागा हवी होती, आणि लोकांच्या स्मृतीत अशी एक जागा तयारच होती: आग, ओरडणारी मुलं, प्रेतं, संदेष्ट्याचा शाप. यशयाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या ओळीत जेरुसलेमच्या बाहेर पडलेल्या बंडखोरांच्या प्रेतांचं चित्र आहे, 'त्यांचा किडा मरत नाही, त्यांचा अग्नी विझत नाही'. त्यात खोऱ्याचं नाव नाही, पण वाचणाऱ्यांनी ते जोडून घेतलं.

हनोख या बायबलमधल्या पुराणपुरुषाच्या नावावरचा एक प्राचीन ज्यू ग्रंथ आहे. त्याचा सर्वांत जुना भाग इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला मानतात. त्यात देवदूत हनोखला पृथ्वीच्या मध्यभागी घेऊन जातो, तिथले डोंगर आणि खोरी दाखवतो, आणि एका शापित खोऱ्याकडे बोट करून सांगतो, निंदकांना इथे गोळा करतील. नकाशा जेरुसलेमचा आहे, हे वाचताना लपत नाही. जागा अजून जमिनीवरच आहे, पण काळ शेवटच्या न्यायाचा झालाय. पुढचं पाऊल सोपं होतं. आरामाईक बोलणाऱ्यांच्या तोंडी 'गेहिन्नाम' झालं आणि खोरं हळूहळू जमिनीखाली गेलं.

ग्रीकमध्ये लिहिलेल्या नव्या करारात हा शब्द 'गेएन्ना' (पुढे रूढ झालेलं रूप गेहेन्ना) असा 12 वेळा येतो: मत्तयात 7, मार्कात 3, लूकात 1 आणि याकोबाच्या पत्रात 1. त्यांतले 11 येशूच्या तोंडी आहेत. येशूच्या धर्माचा प्रचारक पौल, ज्याने पत्रांमागून पत्रं लिहिली, तो हा शब्द एकदाही वापरत नाही. माझ्या मते याचं कारण साधं असावं. पौलाची पत्रं जात होती ती करिंथ, फिलिप्पै, रोम अशा परक्या शहरांना. ज्याने जेरुसलेम पाहिलेलं नाही, यिर्मया ऐकलेला नाही, त्याला 'हिन्नोमच्या खोऱ्यात पडशील' म्हणून काय भीती वाटणार? नागपूरला 'ठाण्याला पाठवा' चालत नाही, तसंच.

येशूचे ऐकणारे मात्र तिथलेच होते. डोळा तुला पाप करायला लावत असेल तर उपटून टाक, सगळं शरीर गेहेन्नात जाण्यापेक्षा एक डोळा गेलेला बरा, हे त्यांना कानाने कळत होतं आणि डोळ्यांपुढे उभंही राहत होतं. मत्तयाच्या 23व्या अध्यायात तर तो शास्त्री-परुश्यांना, म्हणजे ज्यू धर्मपंडितांना म्हणतो, तुम्ही एकाला आपल्या पंथात आणण्यासाठी समुद्र-जमीन पालथी घालता, आणि तो मिळाला की त्याला आपल्याहून दुप्पट 'गेहेन्नाचा पुत्र' करता. हे बोलणं मत्तयाने घातलंय मंदिराच्या परिसरात. तिथून खोरं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि 'हिन्नोमचा पुत्र' हे त्या खोऱ्याचं मूळ नावच, हे ऐकणाऱ्याच्या मनात वाजलं नसेल असं मला वाटत नाही.

कचऱ्याची गोष्ट

इथवर आल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, गेहेन्ना म्हणजे जेरुसलेमचा कचरा डेपो. तिथे रात्रंदिवस कचरा जळत असायचा, मेलेली जनावरं टाकायचे, म्हणून विझत नाही तो अग्नी आणि मरत नाही तो किडा." प्रवचनांत, पुस्तकांत, यूट्यूबवर, व्हॉट्सॲपवर हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की ते खोटं असू शकेल अशी शंकाच येत नाही. मुंबईच्या देवनारचा, पुण्याच्या उरुळीचा धूर पाहिलेल्याला तर ते लगेच पटतं.

अडचण एवढीच की त्याला पुरावा नाही. जुन्या करारात ते नाही, नव्यात नाही, पहिल्या शतकातल्या इतिहासकार योसेफसकडे नाही, मिश्ना-तालमूद या ज्यू धर्मग्रंथांमध्ये नाही. आज आपल्या हाती असलेला पहिला उल्लेख दावीद किम्ही या भाष्यकाराचा. 27व्या स्तोत्रावर लिहिताना तो सांगतो की गेहिन्नोम ही जेरुसलेमजवळची ओंगळ जागा, तिथे घाण आणि मढी टाकत आणि ती जाळायला सतत आग असे, म्हणून दुष्टांच्या शिक्षेला दृष्टांताने ते नाव पडलं. किम्ही 1160 ते 1235 या काळातला, दक्षिण फ्रान्समधल्या नार्बोनचा. म्हणजे येशूनंतर अकराशेहून अधिक वर्षांनी, हजारो किलोमीटरवरून केलेला हा तर्क. चांगला तर्क आहे, चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. पण साक्ष म्हणून तो चालणार नाही. जमिनीचंही तसंच: पहिल्या शतकातल्या जेरुसलेमच्या कचऱ्याचा मोठा ढीग उत्खननात सापडलाय, पण तो किद्रोन खोऱ्याकडच्या उतारावर, शहराच्या दुसऱ्या बाजूला.

मग ही गोष्ट एवढी लोकप्रिय का? कारण ती सोयीची आहे. ज्याला अनंतकाळच्या आगीची कल्पना नको वाटते त्याला ती म्हणते, घाबरू नकोस, येशू नुसता कचऱ्याच्या ढिगाबद्दल बोलत होता. ज्याला आग हवी आहे त्यालाही ती एक धुरकट, वास येणारं चित्र पुरवते. दोघंही खूश.

आता सुरुवातीचा तो फरक आठवा. कचऱ्याची गोष्ट गेहेन्नाचा येरवडा करून टाकते: तिथे अमुक होतं, म्हणून नावाला तमुक अर्थ. खरा प्रवास पानिपतचा आहे. तिथे काहीतरी घडलं, त्याची लाज आणि भीती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, आणि शेवटी नाव घटनेचंच झालं. कचरा म्हटलं की गुन्हेगार कुणी राहत नाही, फक्त दुर्गंधी राहते. बायबलने त्या खोऱ्याला बदनाम केलं ते तिथे राजांनी आपल्या मुलांचं काय केलं म्हणून.

बारा महिने

ज्यू परंपरेतला गेहिन्नोम पुढे बऱ्याच वेगळ्या वाटेने गेला. मिश्नामध्ये रब्बी अकिवाचं मत नोंदलंय: दुष्टांची गेहिन्नोममधली शिक्षा बारा महिने. फार मोठ्या पाप्यांसाठी अपवाद सांगितले गेले, पण सर्वसाधारण माणसाला वर्षभर. म्हणून आईवडील गेले की ज्यू मुलगा 'कद्दीश' ही प्रार्थना अकरा महिने म्हणतो. पूर्ण बारा महिने म्हटली तर आपला बाप पुरता पापी होता असं कबूल केल्यासारखं होईल! वर्षश्राद्धापर्यंतचे हिशेब पाळणाऱ्या आपल्या समाजाला ही काळजी परकी वाटू नये.

आणखी एक समजूत आहे, शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, गेहिन्नोममधल्यांनाही सुट्टी असते. शुक्रवारी सूर्य मावळला की आग थांबते, शनिवारी रात्री पुन्हा सुरू. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. रायगडच्या घाण्याला आणि गेहिन्नोमच्या भट्टीला एकाच वारी सुट्टी.

तालमूदमध्ये त्या खोऱ्याची भौगोलिक आठवणही पुसलेली नाही. तिथे म्हटलंय की बेन हिन्नोमच्या खोऱ्यात दोन खजुराची झाडं आहेत, त्यांच्यामधून धूर निघतो, आणि तेच गेहिन्नोमचं दार. पत्ता एवढा नेमका असल्यावर पोस्टमनलाही अडचण येऊ नये.

शेवटचा 'म' कुणाकडे राहिला

शब्दाच्या प्रवासातली एक बारीक खूण बघण्यासारखी आहे. हिब्रूत शेवटी 'म' आहे. ग्रीकमध्ये जाताना तो गळला: गेएन्ना. लॅटिनने ग्रीकवरून घेतला, त्यामुळे 'गेहेन्ना'. ख्रिस्ती सिरियाकमध्येही 'म' नाही. पण अरबीत बघा: जहन्नम. 'म' जागच्या जागी. म्हणजे अरबी शब्द ग्रीकवरून आलेला असू शकत नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो लाल समुद्रापलीकडून, इथिओपियाच्या गीझ भाषेतल्या 'गहन्नम'वरून आला. सुरुवातीच्या 'ग'चा 'ज' होणं हे अरबीचं नेहमीचं वळण. हिब्रूत उंट 'गमाल', अरबीत 'जमल'.

कुराणात जहन्नम 77 वेळा येतो. तिथे आता खोरं नाही, हिन्नोम नाही, जेरुसलेमही नाही. सात दारांचं अग्निस्थान आहे. अरबीतून शब्द फारसीत गेला, तुर्कीत 'जेहेन्नेम' झाला, स्वाहिलीत 'जेहानामु', मलयमध्ये 'जहानम'. फारसी-उर्दूच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि इथे त्याचं धार्मिक वजन बरंच उतरलं. मराठीत 'जहन्नम' हा परलोकाचा शब्द नाही, तो वैतागाचा शब्द आहे. "नरकात जाशील" हा शाप असतो, आजी देते. "जहन्नममध्ये जा" हे बहुतेक वेळा फोन ठेवताना म्हणतात.

मराठी ख्रिस्ती वाचकाची मात्र वेगळीच पंचाईत झालीय. जुन्या करारात त्याला 'हिन्नोमचं खोरं' भेटतं आणि नव्या करारात 'नरक'. हे दोन्ही एकाच नावाचे दोन अवतार आहेत हे त्याला कळायला काहीच मार्ग नाही. धागा भाषांतरातच तुटलाय. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनांत तर 'यमकोंड' आहे, यमाचं कुंड. भाषांतरकारांना दोष देण्यात अर्थ नाही, गावाला समजेल असा शब्द त्यांना हवा होता. पण 'नरक' म्हटलं की यम, चित्रगुप्त, रौरव, कुंभीपाक सगळे मागोमाग येतात. गंमत अशी की पुराणातला नरक कायमचा नसतो. पापाचा हिशेब चुकता झाला की जीव पुढच्या जन्माला निघतो. त्या अर्थाने तो चर्चच्या अनंत आगीपेक्षा रब्बी अकिवाच्या बारा महिन्यांना जास्त जवळचा आहे.

इंग्रजीतही असाच घोळ झाला. 1611च्या राजा जेम्सच्या भाषांतरात शओल (बऱ्याच ठिकाणी), ग्रीकांचा हेडीस आणि गेहेन्ना या तिन्हींसाठी 'हेल' हा एकच शब्द वापरला गेला. तीन वेगळी ठिकाणं एकाच पत्त्यावर गेली, आणि त्यावरून पुढे चारशे वर्षं वाद झाले.

आज तिथे

खोरं अजून आहे. अरबी नाव वादी अर-रबाबा. रबाबा हे एक तंतुवाद्य. 1948 ते 1967 या काळात इस्राएल आणि जॉर्डन यांच्यातली निर्मनुष्य पट्टी इथून जायची. वरच्या अंगाला सुलतानाचं तळं आहे, सोळाव्या शतकात सुलेमानने दुरुस्त केलेलं. त्याच्या कोरड्या पात्रात आता उघड्यावर गाण्याचे कार्यक्रम होतात. खालच्या उतारावर हकलदमा, येशूला दगा देणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या पैशांतून घेतलेलं 'रक्ताचं शेत', आणि शेजारी मठ. 2023मध्ये खोऱ्यावर सुमारे 200 मीटर लांबीचा झुलता पूल झाला; त्यावरून आणि आसपासच्या पॅलेस्टिनी वस्तीच्या जमिनीवरून वादही आहे.

खोऱ्याच्या खांद्यावर, केतेफ हिन्नोम इथे, 1979 साली गाब्रिएल बार्काय हे पुरातत्त्वज्ञ जुनी थडगी खणत होते. मदतीला शाळकरी मुलं होती. त्यांतला एक मुलगा फार भंडावत होता, म्हणून त्याला नजरेआड एका थडग्याचा कोनाडा झाडायला बसवलं. कंटाळून त्याने हातोडीने जमीन ठोकली. ती जमीन नव्हतीच, कोसळलेलं छत होतं. त्याखालचं सगळं चोरांच्या हातून सुटलेलं. हजारभर वस्तूंत चांदीच्या दोन छोट्या सुरळ्या होत्या, ताईत म्हणून गळ्यात घालायच्या. उलगडायला काही वर्षं गेली. मोठी सुमारे दहा सेंटिमीटर भरली, धाकटी चार. त्यांवर प्राचीन हिब्रू लिपीत बारीक कोरलेलं निघालं: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. गणनाच्या पुस्तकातला हाच आशीर्वाद ज्यू आईबाप शब्बाथच्या संध्याकाळी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात. ताईत इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीचे किंवा सहाव्याच्या सुरुवातीचे, म्हणजे यिर्मयाच्याच काळातले. बायबलमधला मजकूर असलेली याहून जुनी वस्तू अजून सापडलेली नाही. मृत समुद्राजवळ सापडलेल्या बायबलच्या हस्तलिखित गुंडाळ्यांतल्या सर्वांत जुन्या पानांपेक्षाही ती काही शतकांनी जुनी आहे. यिर्मया मडकं फोडत होता तेव्हा त्याच खोऱ्याच्या काठावर कुणीतरी आपल्या माणसाला हा ताईत घालून पुरत होतं.

खोऱ्याचं नाव परलोकात गेलं, पण ते तिथेच राहिलं नाही. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, मर्सिन प्रांतात सिलिफकेजवळ, जमीन खचून झालेले दोन प्रचंड खड्डे शेजारीशेजारी आहेत. लोकांनी त्यांना नावं दिली जेन्नेत आणि जेहेन्नेम, जन्नत आणि जहन्नम. आधी जागेचं नाव नरकाला दिलं, मग नरकाचं नाव पुन्हा जागेला. तिकीट काढून बघता येतात. जन्नतमध्ये उतरायला शेकडो पायऱ्या आहेत, तळाशी गुहेच्या तोंडाशी पाचव्या शतकातलं मरियेचं एक छोटं चर्चही आहे. जहन्नम शंभर मीटरहून खोल, कडे सरळ तुटलेले. तिथे खाली जायची सोय नाही. काठावरच्या कठड्याला धरून डोकवायचं आणि परत यायचं.